स्पर्धा टिकली, तरच स्वस्ताई टिकेल

(भारतातील दूरसंचार व ब्रॉडबँड क्षेत्राची वाटचाल आणि तिचे नियमन या विषयावरील व्याख्यानाचे शब्दांकन)



घरात दूरध्वनी असणे ही या देशात एकेकाळी प्रतिष्ठेची बाब होती. नोंदणी करायची, अनामत रक्कम भरायची आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची, हा मध्यमवर्गीय कुटुंबांचा सार्वत्रिक अनुभव होता. घाई असलेल्यांसाठी अधिक अनामत घेणारी वेगळी योजना होती, खासदारांना जोडण्यांचा कोटा होता आणि परगावी बोलायचे तर ट्रंक कॉल लावून तासन्‌तास बसावे लागे. आज त्याच देशात भाजी विकणारी महिला मोबाइलवर पैसे स्वीकारते आणि खेड्यातील विद्यार्थी मोबाइलवर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. हे परिवर्तन एका पिढीच्या आयुष्यात घडले. मात्र ते आपोआप घडले नाही, तसेच ते आपोआप टिकणारही नाही. ते कशामुळे घडले आणि कशामुळे धोक्यात येऊ शकते, याचा विचार प्रत्येक सुजाण नागरिकाने करावयास हवा.

मक्तेदारीचा काळ

१९९४ च्या मे महिन्यात केंद्र सरकारने पहिले राष्ट्रीय दूरसंचार धोरण जाहीर केले. त्या वेळी देशात शंभर माणसांमागे जेमतेम ०.८ दूरध्वनी होते. जागतिक सरासरी शंभरामागे १० होती. सुमारे ८० लाख जोडण्या कार्यान्वित होत्या आणि २५ लाख अर्जदार रांगेत होते. सेवा देणारे, दर ठरविणारे, नियम करणारे आणि तक्रारींचा निवाडा करणारे असे सारे एकच खाते होते.

या काळात काहीच चांगले घडले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संशोधन संस्थेने ग्रामीण भागासाठी छोटे स्वयंचलित एक्स्चेंज तयार केले. वातानुकूलनाशिवाय, धुळीत आणि उन्हाळ्यात चालेल अशी त्याची रचना होती. परदेशी यंत्रे अशा परिस्थितीत टिकत नसत. रस्तोरस्ती एसटीडी-पीसीओचे पिवळे फलक दिसू लागले, ते याच सुमारास. भारतीय गरज ओळखून भारतीय अभियंत्यांनी केलेले ते काम होते आणि त्याचा धागा पुढे २०२५ पर्यंत येऊन पोहोचतो. परंतु एकट्या सरकारी खात्याची गुंतवणुकीची क्षमता आणि देशाची गरज यांतील अंतर फार मोठे होते.

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीतील दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवरून संभाषण केले आणि देशात भ्रमणध्वनी सेवेचा आरंभ झाला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. मात्र गर्दीच्या वेळी मोबाइलवर बोलण्याचा दर मिनिटाला सोळा रुपयांच्या आसपास होता आणि आलेल्या कॉललाही पैसे पडत. त्यामुळे भ्रमणध्वनी हे श्रीमंतांचे खेळणेच राहिले.

१९९९ चे वळण

याचे कारण परवान्यांच्या पद्धतीत होते. कंपन्यांनी लिलावात अवाच्या सवा बोली लावून परवाने घेतले होते. ग्राहक मिळो वा न मिळो, ठरलेली रक्कम दरवर्षी सरकारजमा करणे त्यांना बंधनकारक होते. ती भरण्यासाठी दर चढे ठेवावे लागत आणि दर चढे म्हणून ग्राहक वाढत नसत. अनेक कंपन्यांची थकबाकी साचली.

अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारने १९९९ मध्ये नवे दूरसंचार धोरण आणले आणि ठरावीक शुल्काऐवजी महसुलातील ठरावीक वाटा घेण्याची पद्धत सुरू केली. कंपनीचा धंदा वाढेल तसे सरकारचे उत्पन्न वाढेल, हे त्यामागील सूत्र होते. थकबाकीदार कंपन्यांना सवलत दिली, अशी टीका त्या वेळी झाली; परंतु पुढील दशकातील वाढीचा पाया याच निर्णयाने घातला. २००० मध्ये सेवा देणारी यंत्रणा सरकारी खात्यापासून वेगळी काढून भारत संचार निगम ही कंपनी स्थापन झाली. देशांतर्गत व आंतरराष्ट्रीय दूर अंतराच्या सेवेतही खासगी कंपन्यांना प्रवेश मिळाला. मे २००३ पासून येणारे कॉल निःशुल्क झाले आणि २००४ मध्ये मोबाइल जोडण्यांची संख्या स्थिर दूरध्वनींच्या पुढे गेली.

नियामक कशासाठी?

दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजेच 'ट्राय', १९९७ मध्ये कायद्याने अस्तित्वात आले. २००० मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन वादांच्या निवाड्यासाठी 'टीडीसॅट' हे स्वतंत्र न्यायाधिकरण नेमण्यात आले. बाजार खुला केल्यावर नियामकाची गरजच काय, असा प्रश्न काही जण विचारतात. त्याचे उत्तर दूरसंचार या व्यवसायाच्या स्वरूपातच आहे.

बाजारात नवे किराणा दुकान उघडणाऱ्याला शेजारच्या जुन्या दुकानदाराच्या परवानगीची गरज नसते. दूरसंचाराचे तसे नाही. नव्या कंपनीच्या ग्राहकाला जुन्या कंपनीच्या ग्राहकाशी बोलता आले पाहिजे आणि त्यासाठी दोन्ही जाळी एकमेकांना जोडावी लागतात. जुनी कंपनी ही जोडणी नाकारून वा तिचे अवास्तव मोल मागून नव्या स्पर्धकाला दारातच अडवू शकते. म्हणून जाळी जोडण्याची सक्ती करणारा आणि तिचे वाजवी शुल्क ठरविणारा तटस्थ पंच लागतो. २०१६ मध्ये नवागत जिओला पुरेशी जोडणी न दिल्याबद्दल तीन मोठ्या कंपन्यांना मिळून ३,०५० कोटी रुपयांचा दंड करावा, अशी शिफारस ट्रायने सरकारला केली होती, ती याच भूमिकेतून.

सुरुवातीची काही वर्षे सोडल्यास मोबाइलचे दर ट्रायने ठरविलेले नाहीत. ते ठरविण्याचे स्वातंत्र्य कंपन्यांना दिले गेले. एकेका परिमंडळात दहाहून अधिक कंपन्या ग्राहकासाठी झगडत होत्या, तोवर हे स्वातंत्र्य ग्राहकाच्या पथ्यावर पडले. २०११ च्या जानेवारीपासून क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय देशभर झाली आणि ग्राहकाच्या हाती आणखी एक शस्त्र आले. दर खाली आणले ते स्पर्धेने. नियामकाने त्या स्पर्धेची वाट मोकळी ठेवली.

ब्रॉडबँडची हुकलेली संधी

नियामकाचा सल्ला न ऐकल्यास काय होते, याचे उदाहरण २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात सापडते. त्या वेळी घरोघर पोहोचलेल्या तांब्याच्या तारांचा फार मोठा हिस्सा भारत संचार निगम आणि महानगर टेलिफोन निगम या सरकारी कंपन्यांकडे होता. त्याच तारांवरून वेगवान इंटरनेट देता येत होते. या तारा वाजवी भाडे घेऊन इतर कंपन्यांनाही वापरू द्याव्यात, म्हणजे ग्राहकाला निवड मिळेल, अशी शिफारस ट्रायने केली. युरोपीय संघाने २००१ पासून असाच नियम लागू केला होता आणि फ्रान्ससारख्या देशात त्यातून घरगुती इंटरनेट स्वस्त झाले. आपल्या सरकारने मात्र ती सक्ती स्वीकारली नाही. सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या तारा खासगी कंपन्यांना का द्याव्यात, हा आक्षेप समजण्यासारखा होता. पण तारा भाड्याने देऊन निगमला उत्पन्नही मिळाले असते.

परिणाम असा झाला की, २०१० पर्यंत २ कोटी ब्रॉडबँड ग्राहकांचे उद्दिष्ट असताना प्रत्यक्षात निम्म्याच्या आसपासच मजल गेली. सेकंदाला २५६ किलोबिट इतक्या वेगालाच तेव्हा ब्रॉडबँड म्हटले जाई. ही मर्यादा पुढे ५१२ किलोबिट झाली आणि २०२३ मध्ये २ मेगाबिटवर नेण्यात आली. दरम्यान तारा जुन्या झाल्या आणि लोकांनी स्थिर दूरध्वनी परत केले. २०२५ मधील स्थिती पाहिली, तर देशातील ९० कोटींहून अधिक ब्रॉडबँड ग्राहकांपैकी तारेने जोडलेले ग्राहक चार कोटींच्या थोडेच वर होते. अन्य सारे मोबाइलच्या लहरींवर विसंबून होते. एका मनोऱ्याच्या लहरी शेकडो लोकांत वाटल्या जातात. मुलाचा ऑनलाइन वर्ग आणि वडिलांचे घरून चालणारे काम यांचा भार एकाच वेळी पेलण्याची शाश्वती घरात आलेली फायबरची तार जितकी देते, तितकी लहरी देऊ शकत नाहीत.

अनेकांवरून मोजक्यांवर

२००८ मध्ये वाटलेले १२२ परवाने सर्वोच्च न्यायालयाने २ फेब्रुवारी २०१२ रोजी रद्द केले. प्रथम येणाऱ्यास प्राधान्य देण्याची पद्धत मनमानी असल्याचा निर्वाळा न्यायालयाने दिला. फौजदारी खटल्यातील आरोपींना विशेष न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये निर्दोष सोडले. परवाने मात्र रद्दच राहिले आणि लहरींचे वाटप लिलावानेच करण्याची पद्धत रुजली. अनेक लहान कंपन्या त्या धक्क्यातून सावरल्या नाहीत.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली. ३१ मार्च २०१७ पर्यंत ती विनामूल्य होती. सरकारी आकडेवारीनुसार २०१४ मध्ये एक जीबी डेटासाठी सरासरी सुमारे २७० रुपये पडत, ते दहा रुपयांच्या आत आले. गरीब माणसाच्या हाती इंटरनेट आले, हे याचे श्रेय निर्विवाद आहे. जुन्या कंपन्यांनी ही विनामूल्य सेवा स्पर्धा संपविण्यासाठी असल्याची तक्रार केली. जिओचे त्या वेळी बाजारात वर्चस्व नाही, या कारणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने जून २०१७ मध्ये ती फेटाळली. कायद्याच्या चौकटीत तो निर्णय बसत होता. पण त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत बाजाराचे चित्र पालटले. रिलायन्स कम्युनिकेशन्सची मोबाइल सेवा बंद पडली, एअरसेल दिवाळखोरीत गेली, टाटांचा मोबाइल व्यवसाय आणि टेलिनॉर एअरटेलमध्ये विलीन झाले, तर व्होडाफोन व आयडिया यांनी २०१८ मध्ये एकत्र येणे पत्करले.

आज जिओ आणि एअरटेल या दोन कंपन्यांकडेच मिळून देशातील जवळजवळ तीन चतुर्थांश मोबाइल ग्राहक आहेत. स्पर्धक घटले की दराचे काय होते, हे त्यानंतर दिसले. डिसेंबर २०१९, २०२१ ची अखेर आणि जुलै २०२४ अशा तीन वेळा प्रमुख खासगी कंपन्यांनी काही दिवसांच्या अंतराने दर वाढविले. जुलै २०२४ ची वाढ ११ ते २५ टक्क्यांची होती. जाळे उभारण्यास पैसा लागतो, तेव्हा दरवाढ नेहमीच अन्याय्य असते असे नाही. परंतु एकाने दर वाढविले की दुसऱ्याकडे जाण्याची सोय ग्राहकाला असावी लागते. सारेच एकदम दर वाढवू लागले, तर क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याच्या सोयीलाही फारसा अर्थ उरत नाही. त्या जुलैमध्ये लक्षावधी ग्राहक भारत संचार निगमकडे वळले, कारण त्या कंपनीने दर वाढविले नव्हते.

सरकारची दुहेरी भूमिका

या आकुंचनाचा सारा दोष कंपन्यांवर ढकलता येणार नाही. सरकार एकीकडे धोरण आखते आणि दुसरीकडे याच क्षेत्राकडे महसुलाचे साधन म्हणून पाहते. ७०० मेगाहर्ट्झ पट्ट्यातील लहरी दूरवर पोहोचतात, भिंतीही सहज भेदतात. खेड्यांसाठी त्या सर्वांत उपयुक्त. पण आधारभूत किंमत इतकी चढी ठेवली गेली की, २०१६ आणि २०२१ या दोन्ही लिलावांत त्यांना एकही बोली आली नाही. तोवर ही राष्ट्रीय संपत्ती नुसती पडून राहिली आणि २०२२ मध्ये किंमत उतरल्यावर एकाच खासगी कंपनीने ती घेतली.

दुसरे उदाहरण महसुलाच्या व्याख्येचे. १९९९ च्या धोरणाने महसुलात वाटा ठरविला. परंतु महसूल म्हणजे नेमके काय, यावर वाद पेटला. व्याज, लाभांश, भाडे हे उत्पन्नही त्यात धरावे, असे दूरसंचार खात्याचे म्हणणे. वर्षानुवर्षे खटले चालले आणि २४ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला. कंपन्यांवर एकूण १.४७ लाख कोटी रुपयांचे देणे आले. त्यातील परवाना शुल्काच्या रकमेत मूळ थकबाकी जेमतेम चौथा हिस्सा होती; उरलेली रक्कम व्याजाची, दंडाची आणि दंडावरील व्याजाची. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने दूरसंचारेतर उत्पन्न पुढील काळासाठी व्याख्येतून वगळले आणि देणी चुकविण्यास मुदत दिली. व्होडाफोन आयडिया तगावी म्हणून सरकारने देण्यांचे रूपांतर भागांत केले. एप्रिल २०२५ मध्ये त्या कंपनीतील सरकारचा वाटा सुमारे ४९ टक्क्यांवर गेला. तिसरी खासगी कंपनी वाचविण्यासाठी सरकारलाच तिचा सर्वांत मोठा भागधारक व्हावे लागले. एक शब्द स्पष्ट न लिहिल्याचे मोल एवढे मोठे असू शकते.

खेड्यापर्यंतची तार

शहरात शंभर लोकांमागे सुमारे १३० दूरध्वनी जोडण्या आहेत, तर ग्रामीण भागात साठाच्या आसपास. ही दरी केवळ बाजाराने बुजणार नाही. विरळ वस्तीच्या डोंगराळ तालुक्यात मनोरा उभारणे कंपनीला परवडत नाही. त्यासाठी २००२ पासून कंपन्यांच्या महसुलातील वाटा सार्वत्रिक सेवा निधीत घेतला जाऊ लागला. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याची जागा घेतली आणि या निधीचे नाव 'डिजिटल भारत निधी' झाले.

ऑक्टोबर २०११ मध्ये सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती फायबरने जोडण्याची योजना मंजूर झाली. 'भारतनेट' हे तिचे पुढचे नाव. मुदती वारंवार हुकल्या. तरी दोन लाखांहून अधिक ग्रामपंचायतींपर्यंत जोडणी गेली. महाराष्ट्रात 'महानेट' या नावाने राज्य सरकारने त्यातील दुसऱ्या टप्प्याचे काम हाती घेतले. मात्र ग्रामपंचायतीच्या कार्यालयात आलेली तार म्हणजे गावात आलेले इंटरनेट नव्हे. वीज नसणे, यंत्र बिघडणे, रस्ता खोदताना तार तुटणे आणि ती जोडण्यास कोणी न येणे, अशा कारणांनी अनेक जोडण्या बंद राहिल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १.३९ लाख कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमात म्हणूनच देखभालीवर आणि घरोघर जोडणी देण्यावर भर आहे. या कार्यक्रमाचे यश किती किलोमीटर फायबर टाकले यावर मोजू नये. शाळेत, आरोग्य केंद्रात आणि घरात किती दिवस अखंड सेवा मिळाली, यावर मोजावे.

स्वदेशीची कसोटी

आणखी एक पैलू राष्ट्रीय सुरक्षेचा आहे. संभाषण, बँका, रेल्वे, वीजपुरवठा हे सारे ज्या जाळ्यावर चालते, त्याची यंत्रे परक्या देशाची आणि त्यांची आज्ञावली परक्यांच्या हाती असेल, तर स्वातंत्र्य अपुरे राहते. भारत संचार निगमच्या ४जी जाळ्यासाठी स्वदेशी तंत्रज्ञानाचा आग्रह धरण्यात आला, तेव्हा त्यात वेळ जाईल, ही शंका खरी ठरली. खासगी कंपन्या ५जी कडे वळल्या, तरी निगमचे ४जी आले नव्हते आणि ग्राहक गळत होते. अखेर सी-डॉट, तेजस आणि टीसीएस यांच्या सहकार्याने हे तंत्रज्ञान सिद्ध झाले. २७ सप्टेंबर २०२५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ओडिशातील झारसुगुडा येथून त्या जाळ्याचे लोकार्पण केले. संपूर्ण ४जी यंत्रणा स्वतः घडविणारे देश जगात मोजकेच आहेत. भारत आता त्यांत गणला जातो.

हा अभिमानाचा विषय आहेच. परंतु केवळ अभिमानावर ग्राहक टिकत नाही. कॉल तुटत असेल, तर स्वदेशीचा पुरस्कर्ताही दुसरी कंपनी शोधतो. सरकारने २०१९, २०२२ आणि २०२३ मध्ये या निगमसाठी मोठी अर्थसाहाय्ये मंजूर केली. तो पैसा करदात्यांचा आहे. खासगी कंपन्यांच्या दरांवर अंकुश ठेवणारा सक्षम सरकारी स्पर्धक मिळत असेल, तरच तो सार्थकी लागला असे म्हणता येईल.

ग्राहकाचे कर्तव्य

नियामक, सरकार आणि कंपन्या यांच्याबरोबर या व्यवस्थेचा चौथा घटक म्हणजे ग्राहक. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली, त्या महाराष्ट्राला ग्राहकशक्ती म्हणजे काय, हे सांगण्याची गरज नाही. दूरसंचार क्षेत्रात तर तिचा प्रत्यय आलेला आहे. २०१५ मध्ये काही संकेतस्थळे फुकट आणि बाकीची सशुल्क, अशा योजना पुढे आल्या. कोणते संकेतस्थळ लोकांनी पाहावे, हे कंपनीने ठरवावे काय, हा त्यातील कळीचा प्रश्न होता. दहा लाखांहून अधिक नागरिकांनी ट्रायला ई-मेल पाठवून आपले मत कळविले. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने असे भेदभावाचे दर बेकायदा ठरविले आणि फेसबुकसारख्या बलाढ्य कंपनीला भारतातील आपली योजना गुंडाळावी लागली.

ग्राहकहिताचा प्रत्येक प्रयत्न यशस्वी होतोच असे नाही. तुटलेल्या कॉलमागे एक रुपया भरपाई देण्याचा ट्रायचा नियम सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये रद्द केला. परंतु प्रयत्न थांबले नाहीत. ज्येष्ठ नागरिकांना डेटा नको असतो, केवळ बोलणे आणि संदेश हवे असतात. तरी त्यांना डेटासह महाग योजना घ्यावी लागे. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने केवळ बोलणे व संदेश यांची स्वतंत्र योजना ठेवणे कंपन्यांना बंधनकारक केले. कंपन्या या योजनांची जाहिरात आवर्जून करतीलच असे नाही. घरातील तरुणांनी आजी-आजोबांसाठी त्या शोधून द्याव्यात.

प्रत्येक महत्त्वाच्या निर्णयापूर्वी ट्राय विचारविनिमय पत्र प्रसिद्ध करते, लेखी सूचना मागविते आणि खुली चर्चा ठेवते. तिथे कंपन्यांचे वकील आणि तज्ज्ञ पूर्ण तयारीनिशी येतात. सामान्य ग्राहकाची बाजू मांडणारे थोडेच असतात. गावातील कार्यकर्त्यांनी ग्रामपंचायतीतील भारतनेटची जोडणी चालू आहे की नाही, याची नोंद ठेवावी आणि ती ग्रामसभेत मांडावी. शहरातील ग्राहक संघटनांनी विचारविनिमयात सूचना पाठवाव्यात. सेवेत त्रुटी असेल, तर प्रथम कंपनीकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा आणि निवारण न झाल्यास कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे दाद मागावी. या तक्रारींच्या नोंदींतूनच सेवेचे खरे चित्र नियामकासमोर जाते.

एकट्या सरकारी खात्याच्या मक्तेदारीतून बाहेर पडण्यास या देशाला अनेक दशके लागली. त्यानंतर दोन-तीन खासगी कंपन्यांच्या मक्तेदारीत जाऊन पडणे, हे त्या प्रवासाचे फलित ठरू नये. सबळ स्पर्धक, निःपक्ष नियामक, महसुलापलीकडे पाहणारे सरकार आणि जागरूक ग्राहक या चौघांनी आपापले काम चोख बजावले, तर शेवटच्या वाडीतील मुलालाही शहरातील मुलाइतकेच इंटरनेट परवडेल. हे घडावे यासाठी प्रत्येकाने आपल्या गावापासून, आपल्या घरापासून प्रारंभ करावा.